मडकं माधुरी धरील

किन्हवली,
१२ नोव्हेंबर २०२४

भागीरथीवहिनींना,
राघोचा नमस्कार.

परवा ओमकारने फोन लावून दिला होता, पण तुमचं बोलणं मला कळेना आणि मी ओरडतो म्हणून तुम्ही वैतागून फोन ठेवलात. सगळी नोकरी एस.टी.च्या इंजिनाशेजारी बसून काढली, त्याने दोन्ही कान नेले. म्हणून पुन्हा कागदावर आलो. तुम्हाला नाहीतरी कागदच आवडतो.

भात झोडून झालं. पेंढा रचायचा राहिलाय. कुणाली दिवाळीला माहेरी येऊन गेली, तिची पोरं धिंगाणा घालून गेली.

लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या आळीतला नवसू तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या आत्याला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर तिने भाजी विकून गावठाणात स्वतःचं घर बांधलं. तिचं दुखणं नवसूने काढलं. ती गेली तेव्हा तिरडीपुढे मडकं नवसूनेच धरलं आणि गावाने मान्य केलं की घर आता नवसूचं. आपल्याकडे आजवर असंच मानत आले, मडकं धरील तो वारस. आता त्या आत्याच्या नवऱ्याचा पुतण्या भिवंडीकडून आलाय, वारस म्हणून. वकील सांगतात, तोच खरा. नवसू पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, "मडकं मी धरलं ना? तुमी बगितलं ना?" बघितलं सगळ्यांनीच. पण कोर्ट ते विचारतच नाही.

कुणालीच्या आईच्या दहाव्याला तुम्ही नदीवर सगळ्या भावकीसमोर उभं राहून म्हणालात, "माझं मडकं माधुरी धरील, ज्याला आक्षेप असेल त्याने आत्ताच बोलावं." कोणी बोललं नाही. पानसुपारीचं तबक फिरलं, मान्य म्हणून पहिली सुपारी मी उचलली. तेव्हा मला वाटलं, तुम्ही वाढवलेल्या माधुरीच्या घराची काळजी मिटली. तुम्हालाही तसंच वाटत असणार.

वहिनी, ती मिटलेली नाही. मुरबाडच्या घराचे कागद एकदा मला पाठवा. कोणाच्या नावाने काय आहे ते बघून सांगतो. उशीर करू नका.

तुमचा,
राघो

*

मुरबाड,
२० नोव्हेंबर २०२४

राघोभाऊजी,

पत्र मिळालं. नवसूचं वाईट वाटलं. पण त्याच्या आत्याने काही करून ठेवलं नव्हतं. मी ठेवलंय. बँकेत नॉमिनी माधुरी आहे. घरपट्टी तीच भरते, पावतीवर भरणाऱ्याचं नाव तिचं येतं. आणि भावकीचा शब्द आहे, तो तुम्हीच आठवून दिलात. याहून आणखी काय करायचं असतं?

मृत्युपत्र म्हणाल तर ते ज्यांचे बंगले आणि गाड्या आहेत त्यांनी करावं. माझ्या तीन खोल्या आणि एक पडवी. त्यासाठी वकिलासमोर बसून "माझ्या मरणानंतर" असं लिहायचं? मी सरकारी नर्स होते, भाऊजी. मरण मी जवळून पाहिलंय, त्याला भीत नाही. पण ते ताटात वाढून घ्यायची मला हौसही नाही.

टोकावड्यापासून धसईपर्यंत क्वचितच एखादं गाव असेल जिथे बचत गटाच्या बायकांसमोर उभी राहून मी सांगितलं नाही, की बायांनो, घराच्या कागदावर नाव लावून घ्या; नवऱ्याच्या गोड बोलण्यावर आणि भावाच्या साडीवर विसंबू नका. बायका माझं ऐकून तलाठ्याकडे गेल्या. काहींनी मार खाल्ला, पण नावं लावून घेतली. आणि आता तुम्ही मला कागदाचं महत्त्व सांगणार?

बरं, घराचे कागद किन्हवलीला कशाला हवेत? दिवाळीत तुमचा ओमकार फराळाचा डबा घेऊन आला होता. मी घरी नव्हते. माधुरी सांगते, त्याने चहा घेतला, गोड बोलला, आणि निघताना पडवीची रुंदी टेपने मोजली. तिने विचारलं तर म्हणाला, "असंच गो." पडवीत माधुरी एम.आय.डी.सी.तल्या कामगारांचे डबे भरते. पडवी रस्त्याला लागून आहे हे तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आता ओमकारलाही ठाऊक झालंय. टेप खिशात घालून असंच कोणी फिरतं का?

त्याला तुम्ही पाठवलं होतंत का? सरळ सांगा.

भागीरथी

*

किन्हवली,
२८ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

कागद पाठवू नका. माझं चुकलं, तसं मागायला नको होतं. कपाटातच ठेवा.

पण चार गोष्टी ऐका. तुम्ही सभेत बोलता तेव्हा आम्ही सगळे ऐकतो, आता तुम्ही एका बहिऱ्याचं ऐका.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आमच्या गाडीतल्या कंडक्टरसारखं आहे ते. गाडीभर लोकांचे पैसे त्याच्या बॅगेत जमा होतात, पण त्यातला रुपया त्याचा नसतो. डेपोत जाऊन ज्याचा त्याला द्यावा लागतो. बँक माधुरीच्या हातात पैसे देईल, आणि मग खरे वारस येऊन तिच्याकडे मागू शकतील. घरपट्टीची पावती म्हणजे पट्टी भरल्याचा पुरावा. घर कोणाचं ते ती पावती सांगत नाही. आणि भावकीच्या शब्दाचं नवसूला विचारा.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं. तुम्ही सही करायची, ती दोन साक्षीदारांनी डोळ्यांनी बघायची आणि तुमच्यासमोर त्यांनी सही करायची. ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करायचं नाही, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवत नाही. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. लिहिलं म्हणून घर हातचं जात नाही. तुम्ही आहात तोवर मालक तुम्हीच. मन बदललं तर फाडा, नवं लिहा. शेवटचं लिहिलेलं तेच खरं धरतात.

एक मात्र करू नका. कोणी म्हणेल, आत्ताच बक्षीसपत्र करून घर माधुरीच्या नावावर टाका, कटकट संपली. बक्षीसपत्र केलं की त्या दिवसापासून घर तुमचं राहत नाही. माधुरी चांगली आहे. पण उद्या तिचं लग्न होईल, घरात कोण येईल, त्याच्या मनात काय असेल, हे तिलाही सांगता येणार नाही. म्हातारपणी आपल्या छपराखाली पाहुणं होऊ नये.

आणि बंगला असला तरच लिहायचं असं नाही. बंगलेवाल्याचं एक गेलं तर दुसरं असतं. माधुरीला ती पडवी गेली तर डबे भरायला जागा कुठे आहे?

राघो

*

मुरबाड,
९ डिसेंबर २०२४

भाऊजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कंडक्टरचं उदाहरण चांगलं आहे, पुढच्या सभेत मी ते माझं म्हणून सांगणार आहे.

पण मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. तुम्हाला कानांनी ऐकू येत नाही हे मी समजू शकते. कागदावरचं वाचता येतं ना?

आणि दुसरं. तुम्ही जिथे तिथे "खरे वारस" म्हणता. माझं मूल नाही, नवरा नाही, आईबाप नाहीत, भाऊ-बहीण नाही. मग हे खरे वारस आहेत तरी कोण, ज्यांची तुम्हाला एवढी भीती वाटते?

भागीरथी

*

किन्हवली,
२२ जानेवारी २०२५

वहिनी,

दीड महिना लिहिलं नाही. आजारी नव्हतो. हिंमत होत नव्हती.

मी आहे तो वारस.

आता सगळं सांगतो. दिवाळीच्या आधी ओमकार म्हणाला, आबा, शहापूरला वकिलाकडे जाऊन येऊ, नवसूच्या केसचं विचारायचंय. मी गेलो. तिथे त्याने नवसूचं विचारलं आणि मग तुमचं विचारलं. वकिलाने वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून मला दाखवलं. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, मुलं नसली, नवराही नसला, तर तिने स्वतः कमावलेलंसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तुमचा सख्खा भाऊ असता तरी त्याचा नंबर आमच्यामागे लागला असता. दादाच्या मागे मीच एकटा उरलोय, आणि माझ्यामागे ओमकार आणि कुणाली. वाढवलेल्या मुलीचं नाव त्या यादीत कुठेच नाही. रीतसर दत्तक घेतली असती तर गोष्ट वेगळी होती.

बाहेर आल्यावर ओमकार मला म्हणाला, "आबा, तुमी काय नाय करायचं. नुसतं गप रावायचं." पुढच्याच आठवड्यात तो तुमच्याकडे फराळ घेऊन आला. मी पाठवलं नव्हतं. पण मला ठाऊक होतं, आणि मी अडवलंही नाही.

म्हणून तुम्हाला नवसूचं निमित्त करून लिहिलं. नवसूची गोष्ट खरी आहे, पण मी पोराला झाकत होतो. ओमकार वाईट नाही. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये रोज जातो-येतो, जीव मेटाकुटीला येतो त्याचा. स्वतःचा गाळा असावा असं त्याला फार वाटतं. पण माझी सुपारी त्याच्या गाळ्याआधीची आहे.

कायद्याने मी गप्प बसलो तरी पुरे आहे. ते मला जमत नाही. तुम्ही लिहा.

राघो

*

मुरबाड,
४ फेब्रुवारी २०२५

राघोभाऊजी,

तुमच्यावर संशय घेतला, तो मागे घेते. यापुढे त्यावर बोलायचं नाही.

पण त्या कायद्यावर मी बोलणार. तुमचे दादा जाऊन तीस वर्षांहून अधिक झाली. त्यांनी मला चांगलं वागवलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण या घराची एकही वीट त्यांनी पाहिलेली नाही. डोळखांबच्या पाड्यापाड्यांत डोंगर चढून मी बाळंतपणं केली, त्या पगाराचं हे घर. प्लॉट माझा, पाया माझा, पत्रे माझे. आणि मी डोळे मिटले की कायदा विचारणार, हिचा नवरा कोण होता, त्याचं कोण उरलंय. मी कोण होते, हे नाही विचारणार. जन्मभर कमावलं तरी बाईचं घर फिरून सासरच्या दारात. आणि मी गावोगाव ओरडत होते, नाव लावा, नाव लावा. नाव लावून अर्धंच काम होतं हे मलाच ठाऊक नव्हतं. किती बायकांना मी अर्ध्यावर सोडून आले असेन.

आता खरं कारण सांगते. मी मृत्युपत्र टाळत होते ते मरणामुळे नाही, गरीब आहे म्हणूनही नाही. त्या कागदावर लिहावं लागतं, कोणाला देते आणि ती माझी कोण. माधुरीची आई भिमा बाळंतपणात माझ्या हातावर गेली. डोळखांबहून गाडी यायच्या आत गेली. बापाने दुसरं लग्न केलं आणि वीटभट्टीवर निघून गेला. आजीने पाच वर्षं सांभाळली आणि मग शाळेसाठी माझ्याकडे आणून सोडली. दत्तकाचा कागद करावा असं माझ्या मनातही आलं नाही. आईला कागद कशाला लागतो? आता लिहायला बसले तर मुलगी लिहिता येत नाही, कारण कायद्याने ती मुलगी नाही. आणि परकी लिहायला माझा हात उचलत नाही. न लिहिता ती माझी मुलगी होती. लिहिलं की नव्हती असं होईल, असं मला वाटत होतं.

तुमचं पत्र मी टेबलावर ठेवलं होतं, ते माधुरीने वाचलं. मला वाटलं रडेल. ती डाळीला फोडणी देत होती. गॅस बारीक करून म्हणाली, "आई, घर नाय मिळालं तर मी भाड्याच्या खोलीत डबे करीन. त्याचं नाय काय. पण तू गेल्यावर हितं येऊन कोणी मला विचारलं, तू कोण गो, तर मी काय सांगायचं? तेवढं तरी लिवून ठेव."

मी सभेत हजार बायकांना गप्प केलंय. तिने मला गप्प केलं.

काय लिहायचं ते सांगा.

भागीरथी

*

किन्हवली,
१५ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

शहापूरला पुन्हा जाऊन आलो, या वेळी एकटाच. वकिलाला तुमचा प्रश्न कागदावर लिहून दिला. तो हसला नाही, बरा माणूस आहे.

त्याने सांगितलं, स्वकमाईचं घर तुम्ही कोणालाही देऊ शकता. नातं असावंच लागतं असं नाही. फक्त माणूस कोण ते ओळखू यावं: तिचं पूर्ण नाव, बापाचं नाव, जन्मगाव, आधार कार्डावरचं आहे तसं. आणि त्यापुढे तुम्हाला जे खरं आहे ते लिहायला कोणी अडवत नाही. "जिला मी लहानपणापासून माझी मुलगी म्हणून वाढवलं ती माधुरी." हे खोटं नाही आणि परकंही नाही. घरासोबत बँकेतले पैसे, भांडीकुंडी, गॅसचं कनेक्शन, सगळ्याचा उल्लेख करा. राहिलेल्या वस्तूवरून भांडण नको. डॉक्टरकडून तब्येत आणि मन ठीक असल्याचा दाखला घ्या.

एक साक्षीदार मी. ज्याचं जाणार त्यानेच सही केली, तर पुढे कोण बोलणार, असं वकील म्हणाला. दुसरा तुम्ही निवडा. तुमच्या बचत गटातली सोनाली चालेल.

ओमकारशी बोललो. तो जेवता जेवता उठला. "आबा, तुमी माजं वाटोळं करता." एवढंच बोलला, पण मोठ्याने बोलला असणार, कारण मला ऐकू आलं.

राघो

*

मुरबाड,
१ मार्च २०२५

चि. ओमकार,

तुझ्या आबांना न विचारता हे तुला लिहितेय.

तू माझी पडवी मोजलीस. मी तुला चोर म्हणणार नाही. कायद्याने जे घर एक दिवस तुझ्याकडे चालत येणार होतं, ते तू मोजलंस. कायदा तसा आहे यात तुझा गुन्हा नाही. पण कायदा गप्प बसणाऱ्याला देतो, आणि राबणारीला काढतो, तेव्हा माणसाने कायद्याच्या आधी बोलायचं असतं. त्यासाठीच कायद्याने मृत्युपत्राची सोय ठेवलीय. ती सोय मी वापरणार आहे.

मी हे तुझ्या पाठीमागे करू शकते. सोनाली साक्षीदार व्हायला तयार आहे. तू म्हणशील, काकूने गुपचूप केलं, माधुरीने तिच्याकडून लिहून घेतलं. लोक हेच म्हणतात, आणि निम्मी भांडणं याच वाक्यापासून सुरू होतात. म्हणून मी तुलाच बोलावतेय. दुसरा साक्षीदार तू हो. सही करायच्या आधी पूर्ण कागद वाच. वाचल्यावर नको वाटलं तर सही करू नकोस, चहा पिऊन जा. मी दार लावणार नाही.

तुला आठवतं का, तुझ्या आईच्या दुखण्यात शेवटचे दोन महिने किन्हवलीत कोण होतं? मला तुला लाजवायचं नाही. तू तेव्हा गोडाऊनवर जायचास, जाणं भाग होतं. पण रात्री घरी आल्यावर आईचे केस विंचरलेले असायचे, ते कोण विंचरत होतं, ते तू पाहिलेलं आहेस.

सोमवारी, दहा मार्चला, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अकरा वाजता.

तुझी काकू,
भागीरथी

*

किन्हवली,
६ मार्च २०२५

काकू,

तुमचं पत्र भेटलं. मला पत्र लिवायची सवय नाय, चुकलं तर समजून घ्या.

टेप मीच लावली. आबांचा दोष नाय. मला वाटलं कायद्याने येतंय तर येऊ दे, आपण काय मागायला गेलो नाय. गाळा टाकला असता तर भिवंडीचं येणं-जाणं सुटलं असतं, एवढाच विचार होता. माधुरीचं काय होईल हे तेव्हा डोक्यात आलं नाय असं बोललो तर खोटं होईल. आलं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

सोमवारी रजा टाकतो. आबांना बाइकवर घेऊन येतो. सही करीन का ते तिथं बघू.

ओमकार

*

किन्हवली,
१३ मार्च २०२५

वहिनी,

नमस्कार. सोमवारी तुमची तब्येत बरी दिसली. तुमच्या डॉक्टरने दाखला देताना तुम्हाला आज कोणता वार असं विचारलं, आणि तुम्ही त्याला, तो लहान असताना तुम्हीच टोचलेल्या लसीची तारीख सांगितलीत, हे माधुरीने मला कागदावर लिहून दाखवलं. बाइकवर येताना मी एकटाच हसत होतो.

आता एक विचारायचं आहे. तिथे काउंटरवर साहेबाने ओमकारला काहीतरी विचारलं. ओमकार नुसता कागदाकडे बघत राहिला. मला वाटलं, हा आता उठून जाणार. मग त्याचे ओठ हलले, माधुरीने पदर डोळ्यांना लावला, आणि त्याने सही केली. काय झालं ते मला कळलंच नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, "काय नाय, नाव विचारलं." नाव विचारल्यावर कोणी रडतं का?

काल गोठ्यात तो माझ्यासमोर उभा राहिला आणि मला ऐकू यावं म्हणून सावकाश म्हणाला, "आबा, काकूचं मडकं मी धरीन. भावकीत माधुरीला कोणी तरी अडवणार. आपल्या जातीची नाय, पोरगी आहे, काढतीलच काय तरी." मी म्हटलं, अरे, काकू अजून ठणठणीत आहे, आधी तिला तर विचार.

म्हणून विचारतो.

राघो

*

मुरबाड,
२१ मार्च २०२५

राघोभाऊजी,

तुम्हाला ऐकू आलं नाही ते सांगते.

साहेबाने कागद चाळला आणि ओमकारला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" तो म्हणाला, "पुतण्या." साहेब म्हणाला, "मग घर तुम्हाला नाही का?" तो म्हणाला, "नाय. हिला." साहेबाने माधुरीकडे बघितलं आणि विचारलं, "ही कोण?"

भाऊजी, हा तोच प्रश्न होता. माधुरीने मला स्वयंपाकघरात विचारला होता तो. मी मध्ये बोलणार होते, तोंड उघडलंही होतं. आयुष्यात कधी नव्हे ते मिटून घेतलं. ओमकार कागदाकडे बघत राहिला. त्यात मी लिहिलेलं मोठं वाक्य होतं, लहानपणापासून वाढवलेली वगैरे. त्याने ते वाचून दाखवलं नाही. तो म्हणाला, "काकूची पोरगी." आणि पेन घेतलं.

मृत्युपत्राची नोंदवलेली प्रत कपाटात आहे, आणि तिची एक झेरॉक्स मी सोनालीकडे ठेवलीय. कागद केला आणि कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही, ही आणखी एक चूक आपण करतो. पुढच्या बुधवारी धसईला बचत गटाची सभा आहे. इतकी वर्षं मी तिथे नाव लावा म्हणत होते. आता पुढचं अर्धं सांगणार आहे. तुमचा कंडक्टर घेऊन जातेय.

तुमच्याकडेही शेत आहे, भाऊजी, आणि तुम्हाला कुणाली आहे. तुम्ही काय लिहिलंय ते मी विचारत नाही. पण मी विचारत नाही याचा अर्थ मला ठाऊक नाही असा घेऊ नका.

मडक्याचं. आता त्याला घर चिकटलेलं नाही. ज्याला धरायचं त्याने नुसतं माझ्यासाठी धरायचं. तरीही ओमकार पुढे आला, हे मला फार बरं वाटलं. त्याला तसं सांगा. पण मडकं माधुरीच धरील, त्यात बदल नाही. ओमकारने तिच्या शेजारून चालावं. भावकीतला कोणी आडवा आला आणि विचारलं, ही कोण, तर त्याने साहेबासमोर जे सांगितलं तेच तिथे सांगावं. दोनच शब्द आहेत.

भागीरथी